विसावं नाव

सैन्याचं पत्र आलं तेव्हा सुपरवायझरबाई स्ट्रेचरचं कापड तपासत होत्या. मालकाने ते वाचून दाखवलं आणि बाई गठ्ठ्यावरच टेकल्या.

करारात एक कलम होतं. गरज पडली की सैन्य एका पत्रानिशी मागणी दीडपट करणार आणि कारखान्याने नव्वद दिवसांत माल द्यायचा. त्यासाठी वीस जादा मशिनी झाकून ठेवायच्या, आणि त्यांच्यावर बसायला वीस राखीव बायकांची यादी. अकरा वर्षांत या कलमाला कुणी हात लावला नव्हता. झाकलेल्या मशिनींवर जेवणाचे डबे ठेवायची सगळ्यांना सवय झाली होती, आणि बाई दर वर्षी तारीख तेवढी बदलून यादीवर सही ठोकायच्या.

"शुक्रवारी सैन्याचे साहेब येणार," मालक म्हणाले. "नावं वाचून एकेकीला शिवायला बसवणार. बदली बाई चालत नाही. एक जरी कमी पडली तर अख्खा करार दुसऱ्याकडे. मग आहेत त्या चाळीसजणीही घरी."

तीन दिवस बाईंनी फोन करून करून घसा बसवून घेतला. एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एक मुलीकडे बाळंतपणाला गेलेली, एक तर भांडूनच सोडून गेलेली. हातापाया पडून एकोणीसजणी जमवल्या. विसाव्या नावाला फोन करायची गरज नव्हती. ते घरातच होतं.

अकरा वर्षांपूर्वी यादी केली तेव्हा एक नाव कमी पडत होतं. कोण विचारतंय, म्हणून बाईंनी आपल्या आठ वर्षांच्या लेकीचं नाव लिहून टाकलं होतं. लेक आता एकोणीस वर्षांची. दोन वर्षं अभ्यास करून तिने नर्सिंगला जागा मिळवलेली, आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. घरातल्या मशीनला बाईंनी तिला कधी बोट लावू दिलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी भाजी चिरता चिरता त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"नव्वद दिवस?" लेक म्हणाली. "माझी जागा तोवर थांबेल?"

"नाही थांबणार."

"नाव माझं होतं, आई. तुझं नव्हतं."

बाईंना नुसतं झोपावंसं वाटत होतं.

भाजी फोडणीला पडल्यावर लेकीने विचारलं, "त्या चाळीसजणींत मावशी पण आहे ना?" आणि ताटं घ्यायला उठली.

शुक्रवारी एकोणीसजणी पार पडल्या. मोतीबिंदूवाली सुद्धा, देवाचं नाव घेत. नियम असा, की शिवण तपासून शिक्का सुपरवायझरने मारायचा आणि साहेबांनी तो मोजायचा. बाईंची ख्याती साहेबांनाही ठाऊक होती. सव्वीस वर्षांत त्यांनी वाईट शिवण सोडली नव्हती की चांगली अडवली नव्हती.

लेक विसाव्या मशीनवर बसली. स्ट्रेचरचा दांडा जातो त्या कप्प्याची दुहेरी शिवण, सगळ्यांत अवघड. हिला जमणार नाही, बाईंना वाटलं, आणि त्या विचाराने जीव हलका झाला. लगेच बहिणीचा, लेकीच्या मावशीचा, चेहरा दिसला आणि स्वतःचीच लाज वाटली.

शिवलेली पट्टी हातात आली. बाईंनी ती उलटून पाहिली, ताणून पाहिली, उजेडात धरली. एक तरी टाका सुटलेला असावा म्हणून नखाने शोधला. शिवण सरळ होती.

"कुठे शिकलीस गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुझ्या शेजारी बसूनच तर अभ्यास केला सगळा," लेक म्हणाली. "दिसायचं की."

"काय बाई," साहेब घड्याळ बघत म्हणाले, "पास की नापास?"

शिक्का हातात जड झाला होता. रांगेच्या टोकाला बहीण मान खाली घालून शिवत होती. बाईंनी शिक्का शाईत दाबला आणि पट्टीवर मारला.

"वीस," साहेबांनी लिहून घेतलं.

लेकीने आईकडे पाहिलं नाही. तिने हात लांब करून पुढची पट्टी ओढून घेतली.