पाचव्या राउंडचे अकरा सेकंद

"काका, इथे बघा. बरोबर इथे." अवधूतने मोबाइल आपटेकरांच्या चष्म्यासमोर धरला. "सगळं पब्लिक उभं राहिलंय. हेच पाहिजे लोकांना."

आपटेकरांनी फोन हातात घेतला नाही. पडद्यावर पनवेलमधलं एक मैदान होतं, लग्नाच्या मांडवात लावतात तसले दिवे, आणि मधोमध रिंग. लाल चड्डीतला पोरगा निळ्या चड्डीतल्याला दोरांपर्यंत रेटत नेत होता. रिंगला लागून एक टेबल होतं. त्या टेबलामागचा पांढऱ्या शर्टातला माणूस खुर्चीवरून उठला, आणि तेवढ्यात पुढच्या रांगाही उठल्या. मग नुसत्या पाठीच पाठी दिसत राहिल्या आणि आरडाओरडा ऐकू येत राहिला.

तो पांढऱ्या शर्टातला माणूस म्हणजे जोशुआ आपटेकर स्वतः.

"हे कुठे मिळालं तुला?"

"एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे कॅसेट पडून होती. मी नेटवर टाकली, चार दिवसांत साडेतीन लाख लोकांनी बघितली, काका."

अवधूतची कामोठ्यात जिम होती. पनवेलला व्यावसायिक बॉक्सिंग पुन्हा उभं करायचंच, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. पुढच्या महिन्यासाठी हॉल ठरला होता, सहा जोड्या ठरल्या होत्या. लोक का येईनासे झाले याचं उत्तरही त्याच्याकडे तयार होतं. "आता दोघं मिठ्या मारत फिरतात. राउंडवर राउंड जातात आणि काही होतच नाही. पोरं मोबाइलवर पिंजऱ्यातल्या मारामाऱ्या बघतात, तिथं रक्त तरी दिसतं. आपल्याला अशी एक रात्र पाहिजे." त्याने पुन्हा पडद्यावर बोट ठेवलं. "आणि टाइमकीपर म्हणून तुम्ही पाहिजेत. जुनी माणसं सांगतात, वीस वर्षांत तुमच्याकडून एका सेकंदाची चूक झाली नाही."

आपटेकरांनी नजर पडद्यावरून काढली. मग म्हणाले, "ती क्लिप काढून टाक."

"का?"

"शिवाला त्रास होईल. त्या लाल चड्डीतल्या पोराला."

"शिवादादाला विचारूनच टाकलीय. त्याचा सत्कार ठेवलाय आपण, रिंगमध्ये. वहिनी नको म्हणत होत्या, पण तो हो म्हणाला."

अवधूत चहा पिऊन गेला. आपटेकरांचा कप तसाच राहिला.

आपटेकर पोस्टात कारकून होते. घड्याळ लावून घरातून निघणारा, घड्याळ लावून जेवणारा माणूस. एका मित्राच्या आग्रहाने ते बॉक्सिंगच्या टेबलावर जाऊन बसले आणि तिथलेच झाले. टाइमकीपरचं काम म्हणजे मॅच न बघण्याचं काम. तीन मिनिटं घड्याळावरून नजर हलवायची नाही. दहा सेकंद उरले की लाकडी ठोकळा टेबलावर आपटायचा, वेळ भरली की घंटा द्यायची. बाजूला ठोसे पडतात, घाम उडतो, लोक नावं घेऊन ओरडतात. आपण फक्त काट्याकडे बघायचं. वीस वर्षांत शेकडो मॅचेस त्यांच्या हातभर अंतरावर झाल्या आणि त्यांतली एकही त्यांनी धड पाहिली नव्हती.

सोळा वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विसाव्याचा वार, सूर्यास्ताला सुटल्यावर ते मैदानावर गेले. शेवटची मॅच शिवा विरुद्ध कुंदन. शिवा कामोठे गावातला, मैदानातली निम्मी गर्दी त्याची. पण चार राउंड तो नुसता मार खात होता. गर्दी थंड पडली होती, मागची माणसं उठून चालली होती. पाचव्या राउंडच्या शेवटी एकाएकी मैदानाचा आवाजच बदलला. तसा आवाज आपटेकरांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी मान वर केली.

एकदा वर केली ती खाली गेलीच नाही. ठोकळा आपटायचा राहिला. काटा तीन मिनिटांवरून पुढे गेला. ते उभे राहून बघत होते, इतर सगळ्यांसारखे. मग कुंदनचा उजवा हात मध्ये आला, शिवा आडवा झाला, आणि तेव्हा कुठे त्यांचा हात घंटेवर गेला.

शिवा वाचला. उजवा हात आणि उजवा पाय मात्र गेले, बोलणं जड झालं. कुंदन पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही. त्या गोंधळात घड्याळ कोणी विचारलं नाही, आणि आपटेकरांनीही सांगितलं नाही. पनवेलमध्ये बॉक्सिंगही तिथेच संपलं. आपटेकरांचं मात्र संपलं नाही. सिग्नलला स्कूटर थांबली आणि लाल आकडे उतरत अकरावर आले की ते मान फिरवत. मागून रिक्षावाले हॉर्न देत.

त्यांची बायको हेप्झिबा भाजी घेऊन आली तेव्हा ते तिचा फोन कानाशी धरून डोळे मिटून बसले होते. समोर घड्याळ होतं.

"काय ऐकताय हो?"

"राउंड. या घंटेपासून त्या घंटेपर्यंत. चार वेळा मोजलं." त्यांनी डोळे उघडले. "तीन मिनिटं अकरा सेकंद. मला वाटत होतं, कदाचित माझाच भ्रम असेल."

लग्नाच्या चाळीस वर्षांत त्यांनी न सांगितलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. हेप्झिबा पिशवी हातात घेऊन तशीच उभी होती.

"दर वर्षी मसाला शिवाच्या त्या अंकिताकडेच कांडायला नेता. दोन माणसांना चार किलो," ती म्हणाली. "ते यासाठी होय?"

त्यांनी मान हलवली.

"आणि किप्पुरला सिनेगॉगमध्ये दिवसभर उपास धरून माफी मागत उभे राहता."

"देवाला सोळा वेळा सांगितलंय."

"देवाचं देव बघेल. माणसाचं केलेलं त्या माणसाकडेच जाऊन सांगावं लागतं. तुम्हाला काय हे नव्याने सांगायचं?" पिशवी खाली ठेवून ती आत गेली. थोड्या वेळाने आतूनच म्हणाली, "ऊन चढायच्या आत जा."

कामोठे गावात शिवाच्या बायकोचं, अंकिताचं, मसाला कांडायचं दुकान होतं. एप्रिल महिना, दारात मिरच्यांची पोती. आत यंत्राची मुसळं खाली-वर आदळत होती आणि हवेत मिरची तरंगत होती. शिवा नेहमीसारखा गल्ल्याजवळच्या खुर्चीवर होता, उजवा हात मांडीवर ठेवलेला.

"काका, यंदा लवकर आलाव," अंकिता म्हणाली. "मिरच्या कुठं हायत?"

"मिरच्या नाहीत. मशीन जरा बंद कर."

तिने बंद केली. आपटेकरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. ठोकळा, काटा, घंटा. कुठेही आवाज चढवला नाही, कुठेही स्वतःची बाजू मांडली नाही. पोस्टाच्या खिडकीवर लोकांना नियम सांगत, तसं सांगितलं.

अंकिता मशीनपासून पुढे आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"म्हंजे येलेवर घंटा झाली असती तर ह्यो चालत कोपऱ्यात आला असता."

"हो."

"सोला वर्षं मी त्या कुंदनला शिव्या घातल्या. त्याची आई आलती माफी मागाया. दारातनं हाकलली मी तिला. ती म्हातारी मेली पन." ती थांबली. "कुंदनला सांगितलाव?"

"नाही."

"त्याला सांगा. आजच सांगा. आनि आमच्याकडं परत येव नका."

"सांगतो," आपटेकर म्हणाले. ते वळले.

"थांबा," शिवा म्हणाला. त्याला एकेक शब्द ओढून आणावा लागे. "काका. तुमी... बघत व्हताव?"

"हो."

"मना कायच आठवत नाय. त्या पोराच्या फोनमदी नुसत्या पाठी दिसतान. सगली मना मी पडलो ते सांगतान." त्याने दम घेतला. "त्येच्या आदी मी कसा खेलत व्हतो?"

आपटेकरांनी अंकिताकडे पाहिलं.

"तू आधी खाली वाकलास," ते म्हणाले. "कुंदनचा ठोसा तुझ्या डोक्यावरून गेला. मग तू डावा मारलास, इथे, बरगडीवर. नुसता आवाज ऐकून मी वर बघितलं." सांगता सांगता एकोणसत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या मुठी वर आल्या. पाय पुढेमागे झाले. "पुन्हा डावा. मग उजवा. कुंदनला हात वर घेता येईनात. तू घाई करत नव्हतास, शिवा. इतका वेळ मार खाल्लेला माणूस घाई करतो. तू एक पाऊल, एक ठोसा, असा चालत होतास. त्याला दोरांपर्यंत नेलास. मी आयुष्यात इतकं सुंदर काही बघितलेलं नाही. म्हणून माझी मान खाली गेली नाही."

शिवाचा डावा हात केव्हा तरी हनुवटीपाशी जाऊन थांबला होता.

आपटेकर तिथे थांबले. मुठी तशाच हवेत होत्या.

"फुडचा सांगा," अंकिता म्हणाली.

"अंकिता, पुढचं..."

"आता सांगितलाव तर आख्खा सांगा."

त्यांनी पुढचंही सांगितलं. कुंदनचा खांदा कसा वळला, शिवाचा डावा हात किती खाली आला होता, डोकं कसं मागे गेलं. ते सगळे अकरा सेकंद, एकही न गाळता. सांगून झाल्यावर हात खाली घेऊन ते दुकानाच्या पायरीवर बसले.

अंकिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात मिरचीने भरलेले, त्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. ती हात अंगापासून दूर धरून तशीच उभी होती. शिवाने हनुवटीजवळचा डावा हात सोडला, खुर्चीला धरून उभा राहिला, आणि एक पाय ओढत तिच्याकडे निघाला. चार पावलांचं अंतर होतं. कोणी त्याला मदत केली नाही. तिच्यापाशी पोचल्यावर त्याने शर्टाच्या बाहीने तिचा चेहरा पुसला, आधी एक डोळा, मग दुसरा.