एकदाच मिळालेलं झाड

आमच्याकडे नीरा म्हणजे कॅनॉल. दोन्ही काठ सारखे कापलेलं, ज्याची पाळी त्याच्या उसात जाणारं पाणी. हीच नदी भोरच्या वरच्या डोंगरात दगडांवर आपटत, कुणाला न विचारता वाहते, हे मला नवऱ्यानं फोटोत दाखवलं.

बुद्धघोष बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. जोडून सुट्टी आली की कॅमेरा घेऊन डोंगरात जायचा. नदी आणि म्हातारी झाडं, एवढंच काढायचा.

माझ्या वडिलांचा बारामतीत फोटो स्टुडिओ. फ्रॉकात होते तेव्हापासून मी रोल धुतेय. त्यामुळं लग्नानंतर वाटणी आपोआप झाली. डोंगर त्याचा, रोल माझा. त्यानं पाहिलेलं प्रत्येक झाड मी आधी निगेटिव्हमध्ये पाहिलं. काळं आभाळ, पांढरं खोड. खरं एकही पाहिलं नाही.

देवराईतल्या एका झाडासाठी तो कधीचा झुरत होता. देवराई राखणारे म्हस्कूबाबा आत जाऊ देत नव्हते. या खेपेला म्हणाले, "एकदाच. परत इचारायचं न्हाय. आन् चामडं भाईर." यानं चपला, कमरेचा पट्टा, कॅमेऱ्याची पिशवी, सगळं बाहेर ठेवलं आणि भुरभुर पावसात उघडा कॅमेरा छातीशी धरून आत गेला.

"देव न्हाय मानत, आन् पट्टा काढून ठिवला व्हय?" तो घरी येऊन हे सांगत होता तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, टोमणा मारला.

"झाड त्यांचं हाय, आई. आपण पाव्हणं."

रोल सोमवारी धुवायला घेतला. जळोचीत आमच्या गल्लीला नळ दुपारी यायचा, आणि धुतल्यावर फिल्मला वाहतं पाणी लागतं. खिडकीला पोतं लावलं तरी पत्र्याला खिळ्यांची भोकं. म्हणून माझी रीत अशी: जमिनीवर मांडी घालायची, आत्यांची जाड गोधडी दुहेरी करून मांडीवर घ्यायची, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालायचे आणि चाचपत फिल्म चक्रीवर चढवायची. चक्री डब्यात गेली, झाकण लागलं, की उजेडाची भीती नाही.

एरवी आत्या करुणाला घेऊन ओट्यावर बसायच्या. त्या दिवशी त्या शेळगावला भाचीच्या घरी गेलेल्या. करुणा नुकतीच रांगायला लागलेली. पाजून झोपवली आणि बसले.

अर्धी फिल्म चढली असेल तोच ती उठली. रडली नाही. पाहिलं तर माझ्याकडं बघून हसत होती. माझी चूक मला तेव्हा कळली. याच गोधडीत घेऊन मी तिला रोज दुपारी पाजायची. गोधडी पसरली म्हणजे दूध, एवढा तिचा हिशोब.

"थांब गं बाई. थोडंच राहिलंय. थांब."

ती कशाला थांबते! आली आणि डोकं खुपसून आत शिरली. मी गुडघ्यानं कडा दाबून धरली, बोटं घाईनं फिरवत राहिले. तिचा ओला हात माझ्या मनगटाला लागला. मग ती आत घुसमटून खोकली, पाय झाडायला लागली. मी गोधडी भिरकावून दिली.

ती लालबुंद झाली होती. उचलून घेतल्यावर लगेच प्यायला लागली.

तरी रोल पुरा केला. आतल्या वेढ्यांतल्या नद्या वाचल्या, सुरेख आल्या. झाड रोलच्या शेवटी, चढवायच्या राहिलेल्या भागावर होतं. तेवढी पट्टी उजेड लागून काळीठिक्कर.

बुद्धघोष कामावरून आल्यावर सगळं सांगितलं. आधी त्यानं करुणाला घेतलं, खालीवर पाहिलं. मग दोरीवरच्या फिल्मपाशी जाऊन काळ्या तुकड्यावरून बोट फिरवलं. चहा तसाच ठेवला.

दिवेलागणीला आत्या आल्या. ऐकून म्हणाल्या, "पोरगी दुधाला आली. त्यात तिचा काय गुन्हा? आन् झाड काय पळून चाललंय?"

"म्हस्कूबाबा एकदाच म्हणालेत, आई. मी शब्द दिलाय. मला परत जाता येत न्हाय."

हे तो मान खाली घालून बोलला. त्याच्या हातून झाड कायमचं गेलं होतं, आणि शब्द मोडून तो जाणार नाही हे मला ठाऊक होतं. मी भाकरीचं पीठ मळत होते. तशीच म्हणाले, "एकदाच, हे तुमाला म्हणालेत. मला कुठं काय म्हणालेत?"

"म्हंजे?"

"कॅमेरा घेऊन मी जाते. मी इचारते. न्हाय म्हणाले तर झाड बाहेरनं बघून येते."

"एकली? चढ हाय. जळवा हायेत."

"तुमाला लागल्या, मला लागतील."

"आन् ही?"

"वरचं दूध प्यायला लागलीय की वाटीनं," आत्या म्हणाल्या. "जा गं तू. हा बसंल रविवारी घरात. बापाला बी कळू दे, दोन घटका हात अडकल्यावर काय हुतंय."

तो हसला नाही. करुणा त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घालत होती, ते सोडवत बसला. मी पहिली भाकरी टाकली, उलटली, फुगली.

"बारामतीवरनं सरळ गाडी न्हाय," तो म्हणाला. "शिरवळला बदलायची."