परशुरामाने मागितलेला वर

थुंकी लावून पान उलटायची वडिलांची सवय काही सुटत नव्हती. प्रत्येक मुद्रिताच्या कोपऱ्यात एक ओलसर, पिवळट ठसा असायचाच, आणि धाकटा ते पान दोन नखांत धरून उचलायचा. धाकटा म्हणजे नावालाच धाकटा. वय एक्केचाळीस, कानामागे पांढरे केस. छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी, त्यामुळे वडिलांचं पुस्तकही त्याच्याच गळ्यात पडलं. पंचवीस वर्षं वडील दशावतारांवर व्याख्यानं देत होते, त्या सगळ्याचं आता पुस्तक होत होतं. मासा म्हणजे जाणीव, कासव म्हणजे स्थैर्य, डुक्कर म्हणजे चिखलातूनही वर येणारी इच्छाशक्ती. वडिलांच्या तावडीत सापडलेल्या देवाची कशाचं तरी प्रतीक झाल्याशिवाय सुटका नव्हती.

पाच प्रकरणं त्याने मुकाट्याने तपासली. सहाव्याला मात्र त्याचं पेन थांबलं.

सहावा परशुराम. रेणुका नदीवर पाणी आणायला गेली, तिथे जलक्रीडा करणाऱ्या गंधर्वाकडे बघत राहिली आणि तिला उशीर झाला. नवरा संतापला, मुलांना म्हणाला, हिचं डोकं उडवा. थोरल्यांनी नकार दिला, परशुरामाने उडवलं. बाप खूश होऊन म्हणाला, वर माग. त्याने मागितलं, आई जिवंत होऊ दे, आणि यातलं तिला काही आठवू नये. खाली वडिलांचं भाष्य होतं : ‘रेणुका म्हणजे भरकटलेलं मन. इथे कुणी बाई मेलेली नाही.’

धाकट्याने ते वाक्य तीनदा वाचलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्याची आई पाऊण तास उशिरा घरी आली होती. वडिलांचे चार श्रोते चहाची वाट बघत ताटकळले होते. कुठे होतीस विचारलं, तर म्हणाली, “पोहण्याच्या तलावापाशी. एक माणूस इतका छान पोहत होता, बघतच राहिले.” खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. श्रोते गेल्यावर वडील थोरल्याला म्हणाले, हिची बॅग भर आणि दाराबाहेर ठेव. थोरला नाही म्हणाला आणि तडक घर सोडून गेला. मग धाकट्याने भरली. चार कपडे, कंगवा, चष्मा. आई बाहेर पडल्यावर कडीही त्यानेच लावली.

आणि आता वडिलांनी फर्मान काढलं. “प्रकाशनाला तिला घेऊन ये. स्टेजवर माझ्या शेजारी बसू दे. रेणुका पुन्हा उठते, लोकांना दिसू दे.” हे सांगताना ते काडीने दात कोरत होते. काडीच्या टोकाला काय निघालं ते त्यांनी निरखून बघितलं आणि पुन्हा तोंडात घातलं. धाकट्याला शिसारी आली, तरी तो निघाला. बावीस वर्षांत आईला भेटायला कधी निघाला नव्हता, आज सांगितल्याबरोबर निघाला.

आई एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लाँड्रीत कामाला होती. वरच्या खोल्यांमधून आलेल्या चादरींचा छातीएवढा ढीग पडला होता, आणि परक्या माणसांनी त्यांवर काय काय सांडलं होतं ते सगळं त्या ढिगावर दिसत होतं. आंबूस वासाने धाकट्याने नाकाला रुमाल लावला. आईने आधी त्याला बघितलं, मग रुमालाला.

“ते डाग जातात,” ती म्हणाली, आणि धुतलेल्या चादरीचं एक टोक त्याच्याकडे टाकलं. “धर.”

दोघं चादर घडी करू लागले.

“बाबांचं पुस्तक येतंय.”

“थोरल्याने सांगितलं.”

“तू समारंभाला यावंस असं त्यांचं म्हणणं आहे. स्टेजवर.”

“मी कशाला?”

त्याने रेणुका, भरकटलेलं मन, पुन्हा उठणं, सगळं सांगितलं. सांगता सांगता आपल्या तोंडात वडिलांचीच थुंकी साठतेय असं त्याला वाटू लागलं.

आईने कडा जुळवल्या. “गोष्टीतली उठते तेव्हा तिला काही आठवत नसतं, म्हणून ती जाऊन नवऱ्याशेजारी बसते. मला सगळं आठवतंय रे. कडी लागल्याचा आवाजसुद्धा.”

धाकट्याने चादरीची आणखी एक घडी घातली.

“त्या परशुरामाला वर मिळाला. तुला तेव्हा बाबा म्हणाले का काही?”

“म्हणाले. काय हवं ते माग म्हणाले.”

“मग?”

खोटं बोलावं असं त्याच्या फार मनात आलं. “स्कूटर मागितली,” तो म्हणाला.

त्याच्या हातातलं टोक तिने काढून घेतलं. “आज कशाला आलास? त्यांनी पाठवलं म्हणूनच ना?” एवढं विचारून ती पुढच्या चादरीकडे वळली, कारण उत्तर तिला माहीत होतं.

घरी वडील वर्तमानपत्रावर पाय ठेवून नखं कापत बसले होते. जाड, पिवळी नखं टकटक उडत होती.

“येतेय ना?”

“नाही. आणि मी तिला पुन्हा विचारणार नाही. तिला सगळं आठवतंय, बाबा. मीच लावली ना कडी.”

वडील समजुतीने हसले. “अरे, एवढं मनाला लावून घेऊ नये. रेणुका म्हणजे मन, बाप म्हणजे विवेक, आणि तू कोण? तू परशू. हातातलं हत्यार. हत्याराला कधी पाप लागतं का?” त्यांचा मऊ, घामट हात त्याच्या मानेवर आला.

आणि धाकट्याला बरं वाटलं. खरोखर बरं वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला. मग त्या बरं वाटण्याचीच त्याला इतकी किळस आली, की बेसिनपर्यंत पोचायच्या आत उलटी त्याच्या हातावर आली. वडिलांच्या थुंकीची, नखांची, त्या काडीची त्याला इतकी किळस कधी आली नव्हती.

चूळ भरून तो परत आला.

“मी हत्यार नव्हतो, बाबा. मला ‘नाही’ म्हणता येत होतं. दादा माझ्यादेखत म्हणाला होता.”

वडिलांचा चेहरा उजळला. “थोरला म्हणजे अहंकार,” ते म्हणाले. “हे राहूनच गेलं होतं बघ.”

धाकटा घराबाहेर पडला तेव्हा ते मुद्रिताच्या समासात तेच लिहीत होते.