श्वानानंद महाराजांचं भैरव-भस्म

चाकूरच्या बाजार मैदानावर त्या रविवारी माणसांइतकीच कुत्री जमली होती. अतिशयोक्ती वाटेल, पण मंडप माझा होता आणि कार्यक्रमानंतर मंडपाचे खांब मलाच धुवावे लागले. लॅब्रॅडॉर होते, पॉमेरियन होते, शेतावर राखणीला असलेली गावठी कुत्री होती, शेषेराव पाटलांची उंच पायांची, हरणासारखी पश्मी कुत्री होती. कुणी साखळीला, कुणी सुतळीला, एक तर आजोबांच्या उपरण्याला बांधलेलं. आणि स्टेजवर भगव्या गादीवर श्वानानंद महाराज.

मी दयानंद. मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्यानं देतो. आजवर पुष्कळ बुवा मी स्टेजच्या मागच्या बाजूनं पाहिलेत. त्या बाजूनं पाहणाऱ्याला भक्ती जरा कमीच येते.

"भक्तहो!" महाराज माइकवर कडाडले. "माणूस खोटं बोलतो! पाकिटावरची अक्षरं खोटं बोलतात! पण मुकं जनावर खोटं बोलतं का?"

"न्हाई!" मैदान गरजलं.

"काळभैरवानं स्वप्नात येऊन मला सांगितलं, बाळा, माझं वाहन घरोघरी उपाशी हाय. त्याला माझं भस्म दे! यात काय हाय? दैवी वनस्पती हाय, व्हायब्रेशन हाय, प्रोटीन हाय! आणि शंभर टक्के शाकाहारी! मांसाचा कण न्हाई, अंड्याचा वास न्हाई. विश्वास ठेवू नका. तुमच्या कुत्र्यालाच विचारा!"

मग परीक्षा. स्टेजवर दोन भांडी. स्टीलच्या ताटलीत साधी दूधभाकरी, तिला महाराज 'संसारी अन्न' म्हणत. तांब्याच्या वाटीत तीच दूधभाकरी, वर चिमूटभर तपकिरी भस्म. प्रत्येक कुत्र्याच्या आधी महाराजांचा शिष्य नरसिंग ओल्या पंच्यानं स्टीलची ताटली काठापर्यंत पुसायचा. "दृष्ट काढून राहिलो," असं तो सांगे. कुत्रं यायचं, ताटलीपाशी नाक न्यायचं, शिंकायचं, तोंड फिरवायचं आणि तांब्याच्या वाटीवर तुटून पडायचं. एक कुत्रं नाही, सगळी. दर वेळी टाळ्या, शिट्ट्या, भैरवाचा जयघोष. शेवटी महाराज स्वतःच्या हातानं कुत्र्याला मूठभर मनुके भरवायचे. हा प्रसाद. तो रोज घरीही द्यायचा, खंड पडू द्यायचा नाही.

स्टेजमागच्या फ्लेक्सवर आयोजक म्हणून मोठा फोटो होता गुरुपादप्पांचा. बाजारपेठेतलं त्यांचं किराणा दुकान आणि माझं गोडाऊन शेजारीशेजारी. माणूस सज्जन, रोज इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय चहा न घेणारा. त्यांच्या मुलानं, सोमेशनं, नांदेडला नोकरी लागल्यावर तिथून एक लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणून आईच्या पदरात टाकलं. रंगावरून त्याचं नाव चिकू. गुरुपादप्पांच्या पत्नी उमादेवी काकूंनी त्याला लेकरासारखं वाढवलं. पण एक घोर त्यांच्या मनाला कायम लागलेला. याला घालावं काय? कुणी म्हणे अंडी घाला, कुणी म्हणे कोंबडी उकडून घाला. काकूंच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या यातलं काही शिजलेलं नाही. चिकूचं पोट भरतं, पण अंग भरत नाही, म्हणून त्या झुरायच्या. अशा घरात 'शंभर टक्के शाकाहारी' हे शब्द पडल्यावर काय होणार? गुरुपादप्पा महाराजांचे पहिले भक्त झाले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी काकू माझ्या गोडाऊनच्या दारात उभ्या राहिल्या. केस सुटलेले, पायात चप्पल नाही.

"दयानंद, टेम्पो काढ. चिकू उठून नाही राहिला."

मागून गुरुपादप्पा आले. "उगं घाबरू नको. महाराजांनी फोनवर सांगितलंय. उलट्या होतात म्हंजे आतलं विष बाहेर पडून राहिलंय."

"विष बाहेर पडून राहिलंय का लेकरू मरून राहिलंय?" काकू कडाडल्या. "कालपासून त्यानं लघवी केलेली न्हाई. तुम्ही महाराजाला विचारा. मी डॉक्टरीणबाईला विचारते."

चिकूला आम्ही चादरीत उचललं. एवढं दांडगं कुत्रं, पण मान लोंबत होती. बसस्टँडजवळ डॉक्टर धम्मप्रियांचा जनावरांचा दवाखाना आहे. वय तिशीच्या आसपास, बोलणं मोजकं, गोठ्यात जायला लागणारे गमबूट कायम पायात. त्यांनी चिकूच्या हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, रक्त काढलं, सलाईन लावलं आणि एकच विचारलं.

"काकू, याला काय काय घातलं? काही लपवू नका."

"दूधभाकरी. भस्म. आणि प्रसादाचे मनुके. रोज मूठभर."

डॉक्टरांचा हात थांबला. "मनुके?"

"काजू-बदाम न्हाई हो, नुसते मनुके. ते तर पौष्टिक असतात."

"तुम्हांला आणि मला. कुत्र्याच्या मूत्रपिंडाचा ते घात करतात. एखाद्याला काही होत नाही, एखादं चार दाण्यांनी जातं. कोण जगंल, कोण मरंल, आधी सांगता येत नाही."

काकू खाली फरशीवर बसल्या. त्या रडतील असं मला वाटलं होतं. रडल्या नाहीत. चिकूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी माझ्या हातानं भरवले. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून खाल्ले."

डॉक्टरांनी भस्माची पुडी मागितली. उघडली, नाकाशी नेली, कपाळाला आठी घातली. "पुढचा कार्यक्रम कधी आहे?"

"येत्या रविवारी," मी म्हणालो. "मंडप माझाच हाय." आणि स्टेजवरची परीक्षा, नरसिंगच्या पंच्यासकट, त्यांना सांगितली.

रविवारी गर्दी दुप्पट झाली. जिल्ह्यातल्याच मुरुडहून गाड्या भरून लोक आले होते. महाराजांनी 'मुकं जनावर खोटं बोलतं का' विचारलं, लोक गरजले, आणि त्याच वेळी डॉक्टर धम्मप्रिया गमबूट वाजवत स्टेजवर चढल्या. मागोमाग उमादेवी काकू, हातात घरची स्टीलची ताटली.

मी दुसरा माइक डॉक्टरांच्या हातात दिला.

"महाराज, मी जनावरांची डॉक्टर. मलापण परीक्षा बघायची आहे. दोन्ही भांड्यांत नुसती दूधभाकरी घाला. भस्म नको. आणि नरसिंगभाऊ, दृष्ट काढायचीच तर या वेळी तांब्याच्या वाटीची काढा."

नरसिंगनं महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी डोळे मिटले. "मंत्रभंग होतो. श्रद्धा नसलेल्याच्या हातून भैरव परीक्षा देत नाही."

"माझी व्हती की श्रद्धा!" काकूंना माइकची गरजच पडली नाही. "रोज पहाटं तुमचं नाव घेऊन प्रसाद भरवला. माझा चिकू सलाईनवर हाय."

"माइक बंद करा!" महाराज माझ्याकडं वळून ओरडले.

"मशीन माझी हाय, महाराज," मी म्हणालो. "बंद न्हाई होणार."

गुरुपादप्पा घामाघूम होऊन पुढं आले. "उमा, खाली उतर. चारचौघांत शोभतं का हे?"

"उतरते," काकू म्हणाल्या. "आधी ह्यांना उतरवा."

आणि त्यांनी नरसिंगच्या हातातला ओला पंचा हिसकावला. नाकाशी नेला आणि मान झटकली. "अगं बाई! लिंबू आन् चायनीजच्या गाड्यावर असतं ते आंबट पाणी!"

"व्हिनेगर," डॉक्टर म्हणाल्या. "कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. हा वास त्याला सोसत नाही."

काकूंनी त्याच पंच्यानं तांब्याची वाटी काठापर्यंत पुसली. घरच्या ताटलीत आणि त्या वाटीत सारखीच दूधभाकरी घातली. शेषेराव पाटलांनी पश्मी सोडली. ती सवयीनं तांब्याच्या वाटीकडं धावली, नाक लावलं, शिंकली, मागं सरकली आणि काकूंच्या ताटलीत तोंड घातलं. लपालपा आवाज माइकमधून सगळ्या मैदानानं ऐकला.

कुणी टाळी वाजवली नाही.

"भैरवाची लीला!" महाराज सावरले. "देव भक्ताला कसोटीला लावतो..."

"थांबा, अजून संपलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पंच्यामुळं कुत्रं ताटलीपासून पळतं. पण वाटीवर एवढं तुटून का पडतं?" कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून त्यांनी उकळतं पाणी मागवलं. पातेल्यात भस्माची अख्खी पुडी ओतली, वर पाणी घातलं आणि पातेलं स्टेजच्या कडेला ठेवलं.

वाफ उठली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. मग वास दुसऱ्या रांगेत गेला, तिसऱ्या रांगेत गेला. मागून एक जण ओरडला, "आरं, ही तर सुकट हाय! आमच्या घरी दर बुधवारी असती!"

"सुकटीची पूड, त्यात धुपाची राख आणि हळद," डॉक्टर म्हणाल्या. "कोरडी असताना धुपाच्या वासात झाकून जाते. गरम पाणी पडलं की लपत नाही. हीच तुमची दैवी वनस्पती."

गुरुपादप्पांनी पातेल्याकडं पाहिलं. ज्या घरात अंड्याचं टरफल आलं नाही, तिथं त्यांनी स्वतःच्या हातानं देव्हाऱ्याशेजारी सुकट ठेवली होती. ते हळूहळू स्टेजवर चढले. महाराजांना वाटलं भक्त वाचवायला आला. गुरुपादप्पांनी मागचा फ्लेक्स दोन्ही हातांनी धरला आणि स्वतःच्या फोटोसकट टराटरा फाडला.

मग मैदान उसळलं. पोरं स्टेजकडं धावली. डॉक्टर आडव्या उभ्या राहिल्या. "हात लावायचा नाही! मारलंत तर उद्या हेच हुतात्मा होऊन दुसऱ्या गावात बसतील. ठाण्यात चला. तक्रार लिहून द्या, सह्या करा." नरसिंग तोवर पसार झाला होता. महाराज मात्र पोलीस येईपर्यंत माझ्या खुर्चीवर बसून राहिले, डोळे मिटून. वासामुळं असेल.

एका म्हातारबांनी विचारलं, "बाई, सुकट कुत्र्याला वाईट असती व्हय?"

"मीठ काढलेली थोडी सुकट वाईट नाही, बाबा. वाईट ती लबाडी. आणि जीवघेणे ते मनुके."

"मंग घालावं काय?"

डॉक्टर स्टेजच्या पायरीवर बसल्या आणि सांगू लागल्या. बिनमिठाचा, बिनतिखटाचा भात किंवा भाकरी, त्यात उकडलेलं अंडं नाहीतर कोंबडी, हाडं काढून. शिजवलेलं हाड कधीच नाही, ते आतडं फाडतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट नाही. पिल्लाचं वेगळं, म्हाताऱ्या कुत्र्याचं वेगळं, आजाऱ्याचं त्याहून वेगळं. तयार खाऊ घेतला तर त्यात काय आहे ते पाकिटावर वाचून आणि डॉक्टरला दाखवून.

काकू हळूच म्हणाल्या, "आमच्याकडं अंडं चालत न्हाई."

"मग नका आणू," डॉक्टर म्हणाल्या. "शाकाहारावरही कुत्रं वाढवता येतं. फक्त मनानं नाही, मापानं. दही, पनीर, मऊ डाळ, आणि जे कमी पडतं त्याची औषधं. मी आखून देते, दर काही महिन्यांनी त्याचं रक्त तपासायचं. तुमचा धर्म तुमच्या घरात सुखात राहू द्या. त्याच्या आड कुणी धंदा मांडला, तर तेवढा धंदा बाहेर काढा."

चिकू वाचला. पूर्ण बरा झाला असं सांगितलं तर ते खोटं होईल. त्याचं मूत्रपिंड कायमचं अधू झालं. डॉक्टरांनी आखून दिलेलंच खातो, पाणी फार पितो, लवकर दमतो. गुरुपादप्पा त्याला रोज सकाळी बाजारपेठेतून सावकाश फिरवतात. कुणी कुत्रा पाळायला घेतला की त्याला थांबवून स्वतःची फजिती पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतात. लोक हसतात. ते हसू देतात.

मंडप मी अजूनही बांधतो. देवाच्या कामाला बांधतो, लग्नाला बांधतो. चमत्काराला नाही, असं फळीवर रंगवून लावलंय. त्यामुळं काही गिऱ्हाइकं गेली, जाऊ द्या.

आणि तुम्हांला माझं एवढंच सांगणं आहे. कुणी म्हणालं, 'तुमच्या कुत्र्यालाच विचारा', तर त्याच्या हातातला पंचा आधी हुंगून बघा. भांडी बदला. पुडीत काय आहे ते विचारा. जो उत्तर द्यायच्या आधी डोळे मिटतो, त्याचा माल घरात घेऊ नका. आपण समोर ठेवू ते आपलं जनावर डोळे झाकून खातं. त्याला प्रश्न विचारता येत नाही. आपल्याला येतो.