ओरिनबेकच्या गाडीखालची घोडी

मी घोडी बोलतेय. आंबवून कुमीस करायला जिचं दूध काढतात ती नव्हे. जॅकने गाडी वर उचलली, की ती तशीच धरून ठेवायला तिच्या पोटाखाली जी चार पायांची ठेंगणी लोखंडी वस्तू लावतात, ती मी. दुकानात मला जॅक स्टँड म्हणतात.

जॅक फक्त उचलतो. त्याचं तेल गळलं की तो बसतो. मी बसत नाही. माझं काम एवढंच. पण या एवढ्याशा कामात माणसं जी घाण करून ठेवतात, ती पाहून मला त्यांची शिसारी आली आहे. गोड बोलणं मला जमायचं नाही, आधीच सांगते.

माझा जन्म कझाकस्तानातल्या तेमिरताऊचा, पोलादाच्या गावातला. गावाबाहेरच्या एका लहान कारखान्यात जाड नळी आणि जाड अँगल कापून आम्हाला जोडलं. मी आणि माझी बहीण, दोघी एकाच दिवशीच्या. पाय फाकलेले, खाली रुंद पट्टी, वर गाडीला बसेल अशी खाच, आणि उंची ठरवायला अंगठ्याएवढी जाड पिन, साखळीने बांधलेली. रंग राखाडी, तोही कंजुषीने मारलेला. दिसायला आम्ही कुरूपच.

जवळच्या कारागांदा शहराच्या बाजारात त्सोय नावाच्या म्हाताऱ्या कोरियन दुकानदाराने आम्हाला मांडलं. आमच्या एका बाजूला परदेशी महागड्या होत्या, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या लाल, चकचकीत, स्वस्त. गिऱ्हाईक यायचं, महागडीला हात लावून सुस्कारा टाकायचं आणि लाल उचलून न्यायचं. आमच्याकडे बघायचंही नाही. ज्या वस्तूखाली आपली छाती जाणार, तिचा माणूस रंग बघतो! माझ्या शिसारीची सुरुवात तिथली.

मग एक दिवस कुल्याश आली. शहराच्या रुग्णवाहिकेवरची परिचारिका. अंगावर कामाचाच कोट होता. तिने सरळ एक लाल उलटी केली.

"ही आतून पोकळ आहे."

"स्वस्त आहे, बाई," त्सोय म्हणाला.

"परवा एकाला गाडीखालून काढला. त्यालाही स्वस्तच पडली होती." तिने लाल खाली ठेवली. "मला मधलं काहीतरी दाखवा. जीव वाचेल आणि घरही चालेल असं."

मग तिने मला उचललं. वेल्डिंगवरून बोट फिरवलं, पिन काढून पुन्हा घातली, मला जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. किती भार पेलते ते माझ्या अंगावर ठोकून लिहिलेलं आहे, तेही वाचलं. लाल घोडीवर तेच कागदाच्या चिकटपट्टीवर छापलेलं होतं. ती पट्टी तिने नखाने सोलून त्सोयच्या तळहातावर ठेवली. तो हसला नाही.

"जोडी द्या," ती म्हणाली. "एकीचा उपयोग नाही."

त्या पैशांत ती हिवाळ्याचे बूट घ्यायला निघाली होती. आम्हाला बगलेत मारून ती फाटक्या बुटांनी घरी गेली.

तिचा नवरा ओरिनबेक टॅक्सी चालवायचा. आडदांड, हसरा, चार माणसांत शोभणारा. वसाहतीमागे लोखंडी गॅरेजांची जी लांब रांग आहे, तिथे त्याचंही एक गॅरेज होतं. गाडी दुरुस्त करायला जायचा म्हणे. खरं तर चहा प्यायला, सूर्यफुलाच्या बिया फोडायला आणि टरफलं माझ्या पायाशी थुंकायला जायचा. मीच का सापडायचे, कोण जाणे.

आम्हाला पाहून शेजारच्या गॅरेजातला गेनादी खो खो हसला.

"काय रे ओरिनबेक, बायकोने घोड्या आणून दिल्या? आता खोगीरही आण!"

"तू कशावर ठेवतोस गाडी?" ओरिनबेकने विचारलं.

"लाकडाच्या ओंडक्यावर. खाली दोन विटा. आजवर काय झालं?"

काही झालं नाही, म्हणजे ते बरोबर. ही माणसाची अक्कल! त्या रांगेत मी काय काय पाहिलंय! गंजकी रिम, बर्फाने भिजलेल्या विटा. एकाने तर बायकोचं पाटा-वरवंट्यासारखं काहीतरी आणून गाडीखाली सरकवलं होतं, आणि वर मान करून खाली गाणं म्हणत पडला होता.

तरी काही दिवस ओरिनबेकने आम्हाला वापरलं. मग त्याचा धाकटा भाऊ सापार आला. बाजारात गाड्यांचं किडूकमिडूक विकायचा. केसांना तेल, तोंडाला तेल.

"दादा, ही काय भंगारातली वस्तू? माझ्याकडची बघ. लाल आहे, हलकी आहे. घडी होते. भावाला फुकट!"

"कुल्याश ओरडेल."

"वहिनीला काय कळतंय गाडीतलं? ती इंजेक्शनं देते."

ओरिनबेक हसला. नवरे हसतात तसा. आणि सापारने माझ्या बहिणीला उचललं, पोत्यात घातलं. "ही मी विकून टाकतो, दादा. जड वस्तूला गिऱ्हाईक मिळतं." ती गेली. पुन्हा दिसली नाही. ओरिनबेकने साधं "कुणाला विकतोस?" एवढंही विचारलं नाही.

तेव्हापासून गाडीखाली एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ती लाल. मी जडशीळ, ती पत्र्याची. गाडीचं ओझं आम्हा दोघींवर सारखं यायचं आणि तिचा पाय थरथरायचा. तो थरथराट गाडीच्या लोखंडातून मला जाणवायचा. खाली पडलेल्या माणसाला जाणवत नव्हता. तो "सापार, बियांची पुडी दे" म्हणत होता.

बर्फ वितळायला लागला होता. गॅरेजातली जमीन ओलसर झाली होती. ओरिनबेक पाठीवर झोपून गिअरबॉक्स सोडवत होता. मागच्या चाकांना अडवायला दगडही लावला नव्हता. सापार पुढच्या चाकाचा घट्ट बसलेला नट काढत होता. पान्याला लांब नळी लावली आणि त्याने सगळं अंग टाकून हिसका दिला.

लाल घोडीचा पाय दुमडला. कागदासारखा. गाडी तिच्या बाजूला कोसळली.

माझ्याकडचं सगळं वजन एकदम माझ्यावर आलं. माझे पाय जमिनीत रुतले, पण मी धरून ठेवलं. त्यामुळे गाडी पूर्ण खाली बसली नाही. वीतभर फट राहिली. त्या फटीत ओरिनबेकची छाती होती.

तो ओरडला नाही. ओरडायला श्वास लागतो. त्याचे बूट फक्त जमिनीवर घासत होते.

आणि सापार? तो जॅककडे धावला नाही. आधी त्याने ती दुमडलेली लाल घोडी ओढून काढली, कोपऱ्यात फेकली आणि तिच्यावर फडकं टाकलं. भाऊ खाली गुदमरतोय आणि हा आपला माल झाकतोय! मी हे पाहिलं. लोखंडाला ओकारी येत नाही, नाहीतर मी तिथेच ओकले असते.

गेनादी आवाज ऐकून पळत आला. "हरामखोरा, जॅक कुठाय?" म्हणत त्याने स्वतःचाच जॅक आणून लावला आणि गाडी उचलली. कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. तो भाग कुल्याशच्याच रुग्णवाहिकेकडे होता. गॅरेजचा नंबर ऐकून तिला वाटेतच कळलं होतं.

ती आली, गुडघ्यावर बसली, शर्ट कापला, छातीवर कान लावला.

"बोलू नकोस. लहान लहान श्वास घे. माझ्याकडे बघ. ओरिनबेक, माझ्याकडे बघ!"

"कुल्याश," तो पुटपुटला, "घोडी..."

"बोलू नकोस म्हटलं ना!"

त्याला उचलून नेताना तिचे हात स्थिर होते. पण माझ्याजवळून जाताना ती क्षणभर थांबली. माझ्याशेजारी माझी बहीण नाही, हे तिने पाहिलं.

ओरिनबेक वाचला. बरगड्या मोडल्या होत्या, जुळल्या. घरी आल्यावर, जीव वाचला म्हणून मेंढी कापली, गॅरेजच्या रांगेतले सगळे जेवायला बोलावले. गॅरेजात परत आल्यावर तो पट्टा बांधलेली छाती ठोकून सांगायचा, "गाडी पडली, पण मी नाही वाकलो!" लोक वाहवा करायचे. सापार सगळ्यांना समजावायचा, जमीन ओली होती, नशीब वाईट होतं, घोडीचा काही दोष नाही. आणि ओरिनबेक मान डोलवायचा.

पण मला खरा वीट आला तो यानंतर. एका दुपारी सापारने कोपऱ्यातल्या फडक्याखालून ती लाल घोडी काढली. दुमडलेला पाय हातोड्याने ठोकून सरळ केला. पत्र्यावर वळ राहिला, तो लांबीच्या लगद्याने भरला. मग लाल रंगाची फवारणी. ओरिनबेक स्टुलावर बसून चहा पीत होता. ज्या घोडीने त्याच्या बरगड्या मोडल्या, तिच्याकडे तो बघत होता. मला वाटलं, आता उठेल, भावाच्या हातून हातोडा घेईल.

तो म्हणाला, "इकडे जरा पातळ राहिलाय. सारखा मार."

सापार त्याला विचारून नव्हता करत. पण आता दोघेही त्यात होते.

गिऱ्हाईक ठरलेलं होतं. शाळेत शिकवणारी मारझान. तिने नुकतीच पहिली जुनी गाडी घेतली होती, आणि तेल बदलणं वगैरे स्वतः करायचं म्हणत होती. सापारने तिला गॅरेजातच बोलावलं. "ताई, तुमच्यासाठी खास," म्हणत तो ओल्या रंगाची घोडी पुढे करत होता, तेवढ्यात ओरिनबेकच्या गोळ्या घेऊन कुल्याश दारात आली.

तिने घोडी पाहिली. जवळ गेली आणि पायावर नख ओढलं. ओला रंग निघाला, लांबी निघाली, खालचा वळ दिसला.

"हीच ना ती?"

"वहिनी, दुरुस्त केलीय. आता पहिल्यापेक्षा मजबूत आहे."

"तुला माहीत होतं?" तिने नवऱ्याला विचारलं.

ओरिनबेकने चहाची वाटी तोंडाला लावली.

"बरं," कुल्याश म्हणाली. "सापार, गाडी उचल. ही घोडी लाव. आणि झोप खाली."

"वहिनी, काय चेष्टा करता!"

"मजबूत आहे ना? झोप."

सापार दात काढून हसला, मग हसायचा थांबला. कुल्याश नवऱ्याकडे वळली. "तू नाही वाकत ना? सगळ्यांना सांगत असतोस. तू झोप."

ओरिनबेकचा हात नकळत छातीवरच्या पट्ट्याकडे गेला. तो जागचा हलला नाही.

"तुम्ही दोघं झोपणार नाही. पण हिला झोपवणार होता." तिने मारझानकडे बोट दाखवलं. आवाज चढवला नव्हता. त्या आवाजात जी किळस होती, ती मला जन्मात पहिल्यांदा माझ्याखेरीज दुसऱ्या कुणात भेटली.

तिने लाल घोडी गेनादीकडे नेली. "काप."

"पूर्ण?"

"परत जोडता येणार नाही अशी."

गेनादीने ग्राइंडर लावला. ठिणग्या उडाल्या. तो ओंडकेवाला गेनादी त्या दिवशी एक शब्दही विनोदाचा बोलला नाही.

मग कुल्याशने मला उचललं आणि मारझानच्या हातात दिलं. "ही ने. माझ्या नवऱ्याचा जीव हिनेच वाचवला. पैसे नकोत. पण एकटीवर गाडी ठेवू नकोस. हिच्यासारखीच दुसरी घे. त्सोयकडे मिळेल."

"मग मी काय वापरू?" ओरिनबेक आता बोलला. एवढ्या वेळात त्याला हाच प्रश्न सुचला.

कुल्याशने गोळ्यांचं पाकीट त्याच्या स्टुलावर ठेवलं आणि निघून गेली. पुढे ती त्याच्याशी किती दिवस बोलली नाही, मला ठाऊक नाही, कारण मी तिथे नव्हते. ती बोलली नसावी, अशी माझी इच्छा आहे.

दुसऱ्या दिवशी मारझान मला पिशवीत घालून बाजारात गेली. वाट सापारच्या मांडणीवरून जात होती. तिथे लाल घोड्यांची रास, आणि समोर एक मध्यमवयीन माणूस, कामगारासारखा. हातात लाल घोडी घेऊन विचारत होता, "टिकेल ना?"

"टिकेल?" सापार म्हणाला. "माझा सख्खा भाऊ अशाच घोडीमुळे वाचला, साहेब! अख्ख्या वसाहतीला विचारा."

मारझान थांबली. पिशवीतून मला काढून तिने धाडकन मांडणीवर ठेवलं. रास हलली.

"वाचवलं ते हिने. तुमची दुमडली होती. मी डोळ्यांनी पाहिलीय."

सापारचं तोंड उतरलं. त्या माणसाने मला पाहिलं. माझा उडालेला राखाडी रंग, पायांना चिकटलेली माती. मग लाल घोडी हातात तोलून पाहिली. हलकी होती.

"तुम्ही शिक्षिका दिसता," तो मारझानला म्हणाला.

"हो."

"मग गाड्यांचं आम्हाला बघू द्या." त्याने लाल जोडी घेतली आणि गर्दीत निघून गेला. मारझान त्याच्यामागे थोडी धावली, हाकाही मारल्या. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्सोयकडून तिने माझ्याच कारखान्यातली दुसरी घोडी घेतली. आता आम्ही दोघी तिच्या गॅरेजात असतो. खाली जाण्याआधी ती मागच्या चाकांना ठोकळे लावते आणि गाडीला दोन्ही हातांनी हिसका देऊन बघते. आम्ही हलत नाही. मग ती खाली येते. माझ्या नशिबी इतकं बरं येईल असं वाटलं नव्हतं, पण यामुळे माणसांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

कारण तो लाल जोडीवाला माणूस या शहरात कुठेतरी राहतो. त्याचं नाव मला माहीत नाही. तुम्ही त्याला ओळखत असाल, तर तो गाडीखाली जायच्या आधी त्याच्या दारावर जा आणि त्याला पाय धरून बाहेर ओढा. चिडू दे.