अंगावर कोट आणि एप्रिलची दुपार

मित्रांनो, जुनी म्हणून कुणी मला हाक मारली तर मी ओ देत नाही. पण खोटं कशाला बोलू, आहे मी जुनीच. कॉम्प्युटरच्या पोटात बसून सगळी आकडेमोड करणारी नखाएवढी चिप. शाळा म्हणाल तर मी फारशी शिकले नाही. मला दोनच अक्षरं येतात, शून्य आणि एक. पण तेवढ्यावर मी जे केलं, ते शिकल्या-सवरल्यांनी करून दाखवावं.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. वाळूतून काढलेल्या सिलिकॉनची पातळ चकती, तिच्यावर केसाहून बारीक नक्षी, आणि त्या चकतीचा एक तुकडा म्हणजे मी. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचं. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढायचा आणि तो उतरायच्या आत माझी पावती तयार असायची. दहा हंगाम केले मी तिथे. काट्यावरचा कारकून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माणसं दमत्यात, ही न्हाई दमत." मला मान असती तर ताठ झाली असती.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी काही सदा एकाच वेगाने पळत नाही. कॉम्प्युटरच्या आत एक मूळ प्रणाली असते, जाणती माणसं तिला कर्नल म्हणतात. त्या कर्नलमध्ये माझा एक कारभारी बसलेला असतो. काम आलं की तो माझा वेग वाढवतो, काम संपलं की उतरवतो. वेग जास्त हवा तर विजेचा दाबही जास्त लागतो. त्याचा क्रम ठरलेला आहे. चढताना आधी दाब वाढवायचा, मग वेग. उतरताना आधी वेग कमी करायचा, मग दाब. हे उलटं झालं की उपाशीपोटी पळायला लावलेल्या बाईसारखी मी जागच्या जागी कोसळते. मग पडदा गोठतो आणि लोक म्हणतात, कॉम्प्युटर हँग झाला. चूक कारभाऱ्याची, बोल मला.

कारखान्यात नवी मशिनं आली तेव्हा मला पोत्यांच्या ढिगामागे टाकलं. दोन वर्षं कुणी फुंकर मारली नाही. मी भंगारात जाणार तेवढ्यात सोनई गावच्या सुनीलने मला उचलून घरी नेलं, ते त्याच्या बायकोसाठी. निकिता तिचं नाव. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती सोनईत बसून करते, आणि ते काम म्हणजे माझ्या कारभाऱ्याला वळण लावणं. जन्मभर ज्याने मला पळवलं, त्याचा कान धरणारी मला म्हातारपणी भेटली.

तिने त्याची एक चूक पकडली. काम नसलं की मी क्षणभर डुलकी घेते. त्या डुलकीतून मी उठताना तो दाब वाढवायचा हुकूम द्यायचा आणि दाब चढला का हे न बघताच वेग वाढवायचा. दाब चढायला वेळ लागतो. डोळा लवायच्या हजाराव्या हिश्शाएवढा, पण लागतो. निकिताने चार ओळी बदलल्या आणि त्याला तेवढं थांबायला शिकवलं.

तिचे पुण्याचे वरिष्ठ शामकांत सर फोनवर म्हणाले, "निकिता, या जुन्या चिपा आता वापरतं कोण? मी तर यादीतून त्यांचं नावच काढणार होतो. तुझी दुरुस्ती खरी असेल, तर त्या जुन्या मशीनवर सात दिवस न थांबता चालवून दाखव. मध्येच बंद पडलं, तर नाव काढू."

नाव काढलं की नवी प्रणाली आम्हाला ओळखणारच नाही. माझ्या पाठच्या हजारो बहिणी शाळांत, दुकानांत अजून राबतात. त्या सगळ्या एका फटक्यात भंगार.

मला पुढच्या खोलीत ठेवलं, कारण वीज गेली तरी चालू ठेवणाऱ्या इन्व्हर्टरचा प्लग तिथे आहे. ती खोली निकिताच्या सासऱ्यांची. अजिनाथभाऊ सोनईचे जुने शिंपी. गुडघे धरल्यापासून त्यांनी दुकान घरातच मांडलं. निकिता त्यांना मामा म्हणते.

संध्याकाळी चाचणी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी बंद पडले. निकिताने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तीन वाजता बंद. तिसऱ्यांदाही तेच. निकिताने आपल्या चार ओळी इतक्यांदा वाचल्या की त्या मलाही पाठ झाल्या.

जेवताना ती सुनीलला म्हणाली, "माझंच चुकलंय. सरांना सांगते, काढा नाव."

"कशानं बंद पडतीया ती?" अजिनाथभाऊ म्हणाले. "मी तर लई जपतो तिला."

त्या बोलण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मी ऐकलं, आणि मला तोंड नाही याचं मला पहिल्यांदा वाईट वाटलं.

कारण रोज घडत होतं ते असं. सव्वा वाजता निकिता आत फोनवरच्या बैठकीला बसायची. अजिनाथभाऊ शिलाई मशीनवरून उठायचे, मला फडक्याने पुसायचे आणि एक खोळ घालायचे. उरलेल्या कोटाच्या कापडाची, आतून अस्तर, खाली बटणं, आणि बेतलेली अशी की एक सुरकुती नाही. कारागीर उठला की मशीन झाकायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. पडदा काळा आहे, चाक फिरत नाही, म्हणजे मशीन बंद, असं त्यांनी धरलेलं. चारला सून बाहेर यायच्या आत ते खोळ काढून घडी करून ठेवायचे.

एप्रिल महिना, वर पत्रा आणि अंगावर कोट. कारभारी बिचारा माझा वेग उतरवायचा, आणखी उतरवायचा, शेवटी मी जळू नये म्हणून मलाच बंद करायचा. म्हाताऱ्याची माया होती ती. रागावू तरी कुणावर?

पण मित्रांनो, मी दर मिनिटाला माझा ताप लिहून ठेवते. निकिता सरांना हार कळवायला बसली, पुरावा जोडायचा म्हणून तिने सगळी नोंद उघडली आणि तिची बोटं थांबली.

"रोज सव्वाला चढतो," ती स्वतःशीच म्हणाली. "ही काय घड्याळ लावून तापते?"

तिने मला पुन्हा कामाला लावलं आणि दुसऱ्या दिवशी ती बैठक सोडून दोनला बाहेर आली. अजिनाथभाऊ दोन पावलं मागे उभे राहून माझ्या अंगावरची खोळ न्याहाळत होते.

"मामा, हे काय?"

"खोळ. तुझ्या मशिनीला. धूळ किती येती बघ की रस्त्याची."

"रोज घालता?"

"मग? आमच्यात मशीन उघडं टाकत न्हाईत."

"ती चालू असते, मामा."

"चालू? चाक कुठं फिरतंय?"

निकिताने त्यांचा हात धरून खोळीवर ठेवला. त्यांनी तो झटकन मागे घेतला.

"आरं देवा. इस्त्रीवानी तापलीया." मग जरा घुश्शात म्हणाले, "तू मला आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही तरी खोळीचं कुठे सांगितलंत?"

"चांगलं काम काय सांगत बसायचं आस्तंय व्हय?" ते घाईने बटणं काढू लागले. एक बटण तुटून माझ्याखाली गेलं.

"शिलाई मात्र झकास आहे," निकिता म्हणाली.

"आता थट्टा नको करू."

चाचणी चौथ्यांदा सुरू झाली. अजिनाथभाऊंनी माझ्याशेजारी स्टूल ओढलं. तासातासाने माझ्या पाठीमागे तळहात धरायचे आणि आत ओरडून सांगायचे, "गार हाय." तिसऱ्या दिवशी शेजारची रंगुबाई आली.

"भाऊ, माझा ब्लाउज कवा देणार?"

"आठ दिसांनी. सध्या ड्युटीवर हाय."

"कसली ड्युटी?"

"हिला झाकायचं न्हाई, ही ड्युटी."

सात दिवसांत मी लाखो वेळा डुलकी घेतली आणि लाखो वेळा उठले. प्रत्येक वेळी कारभारी थांबला, दाब चढला, मग मी पळाले. एकदाही तोल गेला नाही. आठव्या दिवशी शामकांत सरांनी कळवलं की दुरुस्ती घेतली आणि नाव यादीत राहिलं.

अशा दुरुस्त्या जगात कुणालाही उघडून वाचता येतात, आणि प्रत्येकीखाली एक ओळ असते, कुणी तपासलं त्याची. निकिताने तिथे लिहिलं, अजिनाथ, सोनई. भाऊंनी चष्मा पुसून पडद्यावर आपलं नाव पाहिलं.

"हे कुणाला दिसंल?"

"जगाला."

"मग त्यात खोळीचं लिहू नको."

सात दिवस पळाले मी आणि नाव आलं त्यांचं. मी फुरंगटले नाही असं म्हणणार नाही. पण स्टुलावर बसून एवढं मला आजवर कुणी राखलं नव्हतं, तेव्हा चालू द्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं यंत्र असेल, एखादं जुनं माणूस असेल. त्याला टाकू नका, आणि मायेने गुंडाळूही नका. आधी जवळ जा, हात लावा, त्याला काय होतंय ते बघा. ते गप्प आहे, अंधारात आहे, त्याचं चाक फिरताना दिसत नाही, म्हणून ते बंद आहे असं समजू नका.