सहा नंबरची पाठ

बेर्तोलोत्तीच्या चड्डीला सोळा वर्षांत चिखल लागला नाही. मी सांगते ना, त्या चड्ड्या मीच धुतल्यात. मिरामोन्तेस क्लबाची धोबीण मी, आणि जर्सीवर आकडे शिवणारीही मीच. लोक म्हणतात, काय तो बचावपटू, काय ती ऐट, जमिनीवर लोळायची त्याला गरजच पडत नसे! अहो, गरज पडली की हा तिथे नसायचाच. लोळायचा तो दोन नंबरचा बिचारा, त्याच्या गुडघ्यांचा पार भुगा झाला. हे महाशय कप्तानाचा पट्टा बांधलेला डावा हात वर करून पंचाकडे बघत उभे. ऑफसाइड, ऑफसाइड! बस थांबवायला करतात ना, तसा हात. आणि ह्याला पेपरवाल्यांनी नाव दिलं 'अडसर'. कसला अडसर नि कसलं काय!

आता म्हणे त्याचा पुतळा होणार, तीन नंबरच्या गेटासमोर, त्या फोटोवरून. तो फोटो आमच्या वस्तीत प्रत्येक पिझ्झावाल्याकडे, प्रत्येक न्हाव्याकडे टांगलाय. एक्केचाळीस वर्षांपूर्वीची फायनल, धो धो पाऊस, शेवटची दोन मिनिटं, आणि गोलरेषेवरून चेंडू डोक्यानं बाहेर काढणारा माणूस. फोटोवाला जाळ्यामागे बसला होता, त्यामुळे माणसाची फक्त पाठ दिसते. पाठीवर सहा. सहा म्हणजे बेर्तोलोत्ती. संपला विषय.

त्याच गेटासमोर रोहेलियो किरोसचं पेपरचं दुकान आहे. फायनलला तो आमचा नऊ नंबर होता, गोल मारणारा. दुसऱ्या अर्ध्यात मैदानावर नऊ नंबर कुणाला दिसलाच नाही. रेडिओवर सांगितलं, पेपरात छापलं, नऊ नंबर घाबरून लपला. तेव्हापासून त्याचं नाव पडलं 'गायब'. गोलच्या खांबावर डोकं आपटून तो इस्पितळात होता. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "चेंडू मी काढला." सगळे फिदीफिदी हसले आणि त्याला फोटो दाखवला. मग तो गप्पच झाला. पुढच्या मोसमात त्याला विकून टाकलं. आजही खाटकाकडच्या रांगेत कुणीतरी म्हणतंच, "अरे वा, गायब दिसला की आज!"

रोज सकाळी मी त्याच्या दुकानापाशी थांबते. तो येर्बाच्या पानांचा काढा करतो. तुंबा भरून आधी स्वतः पितो, पुन्हा भरून मला देतो. एकच तुंबा, एकच नळी. एकदा म्हणाला, "नेली, मला अजून आठवतं गं, चेंडू कपाळाला लागला ते. ओला, जड, दगडासारखा. डोक्याला मार बसला की माणसाला असं नसलेलंही आठवतं म्हणे. डॉक्टर म्हणाले." मी तुंबा रिकामा करून परत दिला आणि पावाच्या भावाविषयी काहीतरी बोलले.

लाज वाटायला हवी होती मला. कारण खरं काय ते मला ठाऊक होतं.

मध्यंतरात रोहेलियोच्या पाठीवरचा नऊ अर्धा फाटून लोंबत होता, कुणीतरी मागून ओढलं होतं. जर्सी काढायला वेळ नव्हता. तो बाकावर वाकून बुटाच्या नाड्या बांधत होता. मी आकडा पुरता उसवला, आणि त्याच्या समोर उभी राहून, डोक्यावरून वाकून पुन्हा शिवला. काळा दोरा सापडेना, लालच घेतला. मला समोरून बरोबर नऊच दिसत होता. तो उठून बाहेर पळाला, मी तिथेच सुया गोळा करत बसले. समोरून लावलेला नऊ मागून बघितला की सहा होतो, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. त्या चिखलात, त्या पावसात पंचाच्याही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या ढिगात दोन सहा निघाले. एक स्वच्छ, नुसता भिजलेला. दुसरा चिखलानं काळा, गळ्याशी रक्त, लाल दोऱ्याचे टाके. तेवढ्यात बेर्तोलोत्ती आला, हातात अल्फाखोर बिस्किटांचा डबा, चॉकलेटवाली, बारा नग. त्यानं दोन्ही जर्सी बघितल्या. बघतच राहिला मेला. मग त्यानं चिखलाची उचलली.

"ही माझी," म्हणाला.

"तुझी ती दुसरी आहे," मी म्हटलं.

"नेली, आकडे उलटे शिवणाऱ्या बाईला क्लब किती दिवस ठेवेल गं? तुझी दोन पोरं आहेत ना?" एवढं बोलून शहाजोगपणे हसला आणि डबा टेबलावर ठेवून गेला. मी विधवा होते. मूग गिळून बसले.

त्या एका जर्सीवर ह्यानं पुढची नऊ वर्षं काढली! टिकलेलं कप्तानपद, परदेशातली बोलावणी, टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बडबड. प्रत्येक मुलाखतीत भुवईला हात लावून सांगायचा, "रक्त वाहत होतं, पण मी चेंडूवरची नजर काढली नाही." त्या भुवईवर ओरखडा दाखवा, मी आजही त्याच्या चड्ड्या फुकट धुवीन.

गेल्या गुरुवारी क्लबाच्या करंडकांच्या खोलीत मला बोलावलं. अध्यक्ष आउसबेर्तोसाहेब होते, पुतळा करणारी मोरा नावाची पोरगी होती, आणि हे महाशय, केस काळे करून. मधोमध ओल्या फडक्याखाली मातीचा नमुना. काचेच्या कपाटातून ती जर्सी बाहेर काढली होती. जर्सी खरी का, ते मी टाके तपासून सांगायचं होतं.

मोरा म्हणाली, "आजी, मला एक कळत नाहीये. फोटोतल्या माणसाच्या बाहीवर कप्तानाचा पट्टा नाही."

"चिखलात घसरला असेल," आउसबेर्तोसाहेब म्हणाले. "पुतळ्याला लावून टाका."

"नाही हो. पट्टा फोटोत आहे." मोरानं बोट ठेवलं. फोटोच्या उजव्या कडेला, अगदी कोपऱ्यात, कोपरापाशी कापला गेलेला एक हात दिसत होता. वर केलेला, दंडावर पट्टा. एक्केचाळीस वर्षं सगळं गाव दाढी करता करता तो हात बघत होतं.

मला हसूच फुटलं. तो हात मी झोपेतही ओळखला असता.

"ऑफसाइड मागतोय तो," मी म्हटलं. "बेर्तोलोत्तीच आहे. आणि हा पाठमोरा रोहेलियो किरोस. नऊ नंबर. मी उलटा शिवला होता. हे बघा लाल टाके, आणि ही जुन्या टाक्यांची भोकं, उलट्या बाजूला."

"म्हातारी झाली हो ही," बेर्तोलोत्ती म्हणाला आणि त्याचा डावा हात आपसूक वर गेला. देवाशपथ सांगते, वर गेला! पंच शोधत होता बिचारा.

आउसबेर्तोसाहेब घाम पुसत म्हणाले, "नेलीबाई, ब्राँझ मागवून झालंय. लोकांना हेच हवंय. कशाला जुनं उकरताय?"

मोरानं फडकं ओढून नमुना झाकला. "मग सांगा," ती म्हणाली, "मी काय करू? ही पाठ की तो हात?"

मी पिशवी उचलली आणि तडक रस्ता ओलांडून रोहेलियोकडे गेले. मला वाटलं, आता हा मला मिठी मारेल. तुंबा भरून गरम होता. मी सगळं सांगितलं, नाड्यांपासून लाल दोऱ्यापर्यंत, जर्सीपर्यंत, डब्यापर्यंत.

तो पेपरांची चळत सरळ करू लागला.

"म्हणजे मला नीट आठवत होतं," म्हणाला.

"हो रे."

"माझं डोकं ठीक होतं."

"अगदी ठीक होतं."

"माझ्या रोसाला शेवटच्या दिवसांत इस्पितळात मी काय सांगितलं, माहीत आहे? म्हटलं, लोक खरं बोलतात गं, तुझा नवरा पळपुटा होता, मला माफ कर." त्यानं एक पेपर उगाच उलगडला आणि पुन्हा त्याची घडी घातली. "ती तशीच गेली."

मी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"तो डबा," तो म्हणाला. "अल्फाखोरचा. खाल्लास?"

"पोरांनी... आणि मी."

"सगळा?"

"सगळा."

त्यानं मान हलवली. तुंबा भरला आणि प्यायला. मग पुन्हा भरला. मी सवयीनं हात पुढे केला. तोही त्यानंच प्यायला.